पुठ्ठा धरणारे पोस्टमास्तर

आमच्या कंपनीत एक गृहस्थ कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुठ्ठा धरून पत्रं वाचायचे. म्हणजे खरं तर पत्रं वाचली जाऊ नयेत म्हणून पुठ्ठा धरायचे. मोडेम ज्या खोक्यातून आला होता, त्या खोक्याचा एक तुकडा त्यांनी कात्रीनं सरळ कापून घेतला होता, कडांना खाकी चिकटपट्टी लावली होती, आणि तो टेबलाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेला असायचा. एखादी मेल पत्ता चुकून परत आली की ते डाव्या हातानं पुठ्ठा पडद्याच्या खालच्या भागावर धरायचे आणि उजव्या हातानं कळ दाबायचे. पाठवणारा कोण, कोणाला पाठवली, विषय काय, एवढं दिसलं की पुरे. ओळी वर सरकायला लागल्या की पुठ्ठाही वर सरकायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, खिडकीतून ऊन येतंय म्हणून धरला असेल.

त्यांचं नाव निकुंभ. पण त्या नावानं त्यांना फक्त पगाराच्या दिवशी कोणी हाक मारत असेल. बाकी सगळ्यांचे ते पोस्टमास्तर. हे नाव आम्ही ठेवलं नव्हतं, यंत्रानंच ठेवलं होतं. मेल चालवणाऱ्या प्रत्येक युनिक्स मशीनवर पोस्टमास्तर नावाचं एक खातं असावंच लागतं, आणि जी मेल कुठेच पोहोचत नाही तिची प्रत त्या खात्यात येऊन पडते. हे त्यांनी एकदा कँटीनमध्ये मोठ्या अभिमानानं समजावून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा वॉचमनही त्यांना पोस्टमास्तर म्हणायला लागला. त्यांना ते आवडायचं. कपाळाला आठी घालून ते आवडून घ्यायचे.

मेल परत आल्याचं ते कधी फोनवर सांगत नसत. स्वतः उठून यायचे. मी सुपरवायझर होतो ते प्रेस शॉप म्हणजे नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या कारखान्याच्या शेडचं शेवटचं टोक. तिथे पत्र्यावर साचे आपटण्याचा असा आवाज असायचा की शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागे. तिथे पांढऱ्या शर्टातले पोस्टमास्तर तेलाच्या डागांतून वाट काढत यायचे, माझ्या कानाशी वाकायचे आणि म्हणायचे, "जाधव, तुमचं पत्र परत आलंय. पत्ता चुकला. पत्र कशाचं आहे ते मला माहीत नाही." हे शेवटचं वाक्य कोणी विचारलेलं नसायचं. तरी ते प्रत्येकाला, प्रत्येक वेळी सांगायचेच. अकाउंट्सच्या कुमुदताई त्यांची नक्कल फार छान करायच्या. जेवणाच्या सुट्टीत कोणाच्या डब्यातली भाजी संपली की त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायच्या, "भाजी संपली. कशाची होती ते मला माहीत नाही." आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. पोस्टमास्तर शेजारच्या टेबलावर बडीशेप चघळत बसलेले असायचे, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

माणूस गोड होता असं मात्र कोणी समजू नये. चिडका होता, हेकट होता आणि आपल्या मशीनचा त्याला भारी ताठा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकमध्ये बऱ्याच कंपन्या तेव्हा फॅक्सवरच चालत होत्या. आमच्याकडे एका एसी केबिनमध्ये एक युनिक्स मशीन आणि त्यावरून प्रत्येक खात्यात गेलेले हिरव्या अक्षरांचे पडदे. त्या केबिनमध्ये जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. देवळासारख्या का, असं एकदा मोठ्या साहेबांनीच विचारलं, तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "देवाला धुळीचं काही वाटत नाही. डिस्कला वाटतं."

पुढे त्यांनी ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरांसाठी काळ्या केबलचं नेटवर्क टाकलं. एकच केबल सगळ्यांना शिवत शिवत जायची आणि तिच्या दोन्ही टोकांना एक छोटी धातूची टोपी बसवलेली असायची. ती टोपी निघाली की सगळंच बंद. एका सकाळी असंच सगळं बंद पडलं. पोस्टमास्तर गुडघ्यांवर रांगत एकेका टेबलाखाली शिरले, आणि शेवटी स्टोअरमध्ये पोहोचले, तर तिथल्या रंगनाथनं टोपी काढून, पुसून, पेनस्टँडमध्ये ठेवलेली. "मला काय माहीत साहेब," रंगनाथ म्हणाला, "लय चमकत व्हती. म्हटलं पडून जाईल." पोस्टमास्तरांनी टोपी हातात घेतली आणि तिथेच उभं राहून त्याला विजेच्या लाटा केबलच्या टोकावरून उलट कशा फिरतात ते शिकवायला घेतलं. रंगनाथ बिचारा मान डोलवत राहिला. चिडका असला तरी माणूस कोणाला अडाणी म्हणून सोडून देणारा नव्हता. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारचे लोक होते, ज्यांना सांगून झालंय ते आणि ज्यांना अजून सांगायचंय ते.

मेल तेव्हा आजच्यासारखी टिचकीसरशी जात नसे. आमचं मशीन ठरलेल्या वेळी, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मोडेमवरून मुंबईला फोन लावायचं, साठलेली पत्रं द्यायचं आणि तिकडची घ्यायचं. मोडेमचा तो किंचाळल्यासारखा सूर लागला की पोस्टमास्तर डोळे मिटून ऐकायचे, आणि सुरावरूनच सांगायचे, "लागला," किंवा "नाही लागणार, लाइन खराब आहे." दुपारच्या फोनला गेलेलं पत्र पत्ता चुकला असेल तर संध्याकाळच्या फोनला परत यायचं. मधल्या वेळात कोणी कितीही घाई केली तरी त्यांचं उत्तर एकच, "रांगेत आहे. जाईल." एकदा मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, माझं एवढं आत्ता लावा. पोस्टमास्तर म्हणाले, "साहेब, तुमच्या पुढे माळीबुवांच्या मुलाचा कॉलेजचा अर्ज आहे. तो गेला की तुमचंच." साहेब हसले, पण ते हसणं काही मला आवडलं नव्हतं.

मशीनचा सगळ्यात वरचा पासवर्ड, ज्यानं कोणाचंही काहीही उघडता येतं, तो त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होता. नवीन माणूस आला की हमखास विचारायचा, "म्हणजे तुम्हाला आमची सगळ्यांची पत्रं दिसतात?" ते शांतपणे म्हणायचे, "दिसतात. म्हणून तर बघायचं नाही." आणि वर, "शेजारी गावाला जाताना आपल्याकडे किल्ली देतो ती झाडांना पाणी घालायला. कपाट उघडायला नव्हे."

आता मोठ्या साहेबांविषयी थोडं सांगायला हवं. ते आमचे वर्क्स मॅनेजर. बोलायला रुबाबदार, इंग्रजी फर्डं, पण मेल त्यांच्या पचनी पडली नव्हती. ते टायपिस्टकडून मेल करून घेत नसत, स्वतः एका बोटानं टाइप करायचे, आणि सगळा मजकूर विषयाच्या ओळीतच लिहायचे. विषय म्हणून जिथे दोन शब्द लिहायचे तिथे साहेबांचं अख्खं पत्र, आणि खाली जिथे पत्र लिहायचं तिथे काहीच नाही. पोस्टमास्तरांनी त्यांना दोन-तीनदा समजावून पाहिलं. "वर लिहिलं की पोचतं ना?" साहेब म्हणाले. "मग खाली कशाला लिहायचं?" पोस्टमास्तर केबिनबाहेर येऊन मला म्हणाले, "आंतर्देशीय पत्राच्या पत्त्यावरच अख्खं पत्र लिहितो हा माणूस." हेही आमच्या हसण्याच्या यादीत गेलं. त्या वेळी त्यात हसण्यासारखंच होतं.

मग बाळू अहिरेचा हात गेला. बाळू नामपूरकडचा, माझ्या शिफ्टमधला चांगला कामगार. त्याच्या प्रेसला एक जाळी होती. ती खाली आल्याशिवाय साचा आपटायचा नाही, म्हणजे हात आत असला तर यंत्र थांबायचं. जाळीनं कामाला वेळ लागतो म्हणून साहेबांना ती काढायची होती. मी नाही म्हणालो होतो, आणि त्यावरून आमची खडाजंगी झाली होती. मी मावसबहिणीच्या लग्नाला गेलो, तेवढ्यात साहेबांनी फिटरला सांगून जाळी काढवली. परत आलो त्या सकाळी मी अजून चहाचा कप हातात घेऊन शेडमध्ये शिरत होतो, आणि आतून ओरडणं ऐकू आलं. बाळूची उजव्या हाताची बोटं गेली. दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, माले काई समजनंच नही. पत्रा लावत व्हतू, बस."

दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळचा फोन होऊन गेल्यावर, पोस्टमास्तर प्रेस शॉपला आले. त्यांचं येणं मला पाठ होतं. पण त्या दिवशी ते माझ्या कानाशी वाकले नाहीत. माझ्यासमोर उभे राहिले आणि भिंतीवरच्या सेफ्टीच्या पोस्टरकडे बघत राहिले. शिफ्ट सुटत होती, प्रेस एकेक करून थांबत होत्या. मी म्हणालो, "काय साहेब, माझं पत्र परत आलं का?"

"नाही," ते म्हणाले. "तुमचं नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सह्या करण्याआधी प्रत्येक कागद वाचा." आणि निघून गेले. त्यांची मान खाली होती. काहीतरी चोरून नेत असल्यासारखे ते शेडमधून बाहेर पडले. मला वाटलं, घरी काही भांडण झालं असेल.

मी कागद न वाचता सह्या करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोजची चळत यायची, उत्पादनाचा तक्ता, भंगाराची पावती, ओव्हरटाइम, आणि मी चहा पिता पिता खाली नाव ओढायचो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा शिपाई चळत घेऊन आला. मी पोस्टमास्तरांचं ऐकलं, चष्मा लावला आणि वाचायला बसलो. मधेच अपघाताचा अहवाल होता, टाइप केलेला, तयार. सुरक्षेची जाळी सुपरवायझर जाधव यांनी स्वतःच्या अधिकारात, वरिष्ठांना न कळवता काढली, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी टिंबं टिंबं. त्या सहीनं माझी नोकरी गेली असती, माझ्यावर पोलीस केस झाली असती, आणि कंपनी हात झटकून मोकळी झाली असती. बाळूला काय मिळालं असतं ते सांगायला नको. मी तो कागद सही न करता तसाच घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि टेबलावर ठेवला.

साहेबांनी कागद उचलून खणात टाकला. मग विचार करत म्हणाले, "तू तर कधी वाचत नाहीस."

मागे काय घडलं ते केबिनबाहेर आल्यावर, साहेबांच्या त्या वाक्यावरून आणि त्यांच्या सवयींवरून, मला जुळवता आलं. साहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला मेल केली होती, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, सगळंच विषयाच्या ओळीत. अहवाल तयार आहे, सुपरवायझरवर ठेवला आहे, तो न वाचता सही करतो, उद्या इतर कागदांबरोबर घेतो, असं काहीसं. आणि एका बोटानं टाइप करताना पत्त्यातलं एक अक्षर चुकलं. संध्याकाळी ती मेल परत आली आणि पोस्टमास्तरांच्या खात्यात पडली. पुठ्ठा त्यांनी धरलाच असणार. पण पुठ्ठ्याखाली काहीच नव्हतं. जे होतं ते सगळं वर, जिथे त्यांना बघणं भागच होतं तिथे.

साहेबांच्या शिपायानं मला नंतर सांगितलं, की त्या संध्याकाळी माझ्याकडे येण्याआधी ते नियमाप्रमाणे साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं पत्र परत आलंय. पत्ता चुकला." एवढं बोलून थांबले. पत्र कशाचं आहे ते मला माहीत नाही, हे पुढचं वाक्य त्या दिवशी ते बोलले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, एवढंच. साहेबांना त्या वेळी ते खटकलं नाही. माझा सही न केलेला कागद समोर आल्यावर मात्र बरोबर आठवलं.

साहेबांनी त्याच दुपारी सगळ्या खातेप्रमुखांना बोलावलं. मलाही. पोस्टमास्तरांना सर्वांसमोर उभं केलं आणि विचारलं, "निकुंभ, तुम्ही माझी खासगी मेल वाचलीत?"

"हो," पोस्टमास्तर म्हणाले.

"आणि त्यातली माहिती बाहेर सांगितलीत?"

"हो."

मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, ते विषयाच्या ओळीत होतं, ते कोणालाही दिसलं असतं. आणि त्यात काय लिहिलं होतं ते आधी सांगा सगळ्यांना." पोस्टमास्तर माझ्याकडे वळले. इतक्या कडक आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "जाधव, खाली बसा. ते पत्र तुमचं नाही. त्यात काय होतं ते इथे निघणार नाही."

मग साहेबांनी विश्वास या विषयावर भाषण दिलं. ज्यानं माझ्या गळ्यात फास अडकवायचा घाट घातला होता, तो माणूस मेजावर बोट आपटत सांगत होता की दुसऱ्याचं पत्र वाचणं हा किती हलकटपणा आहे. आणि पोस्टमास्तर मान डोलवत होते. नुसती मान खाली घातलेली नव्हती, ते खरोखर पटल्यासारखी मान डोलवत होते. लाजेनं माणसाचे कान लाल होतात हे मी ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं. मी वाचलो होतो आणि त्याची किंमत माझ्या डोळ्यांदेखत ते भरत होते. मी जमिनीकडे बघत बसलो. त्या टाइल्सचा रंग मला अजून आठवतो, फिकट पिवळा.

फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर चौकशी झाली तेव्हा फिटरनं खरं सांगितलं, कारण माझ्या सहीचा कागद नव्हता आणि त्याच्यावर येणार होतं. बाळूला भरपाई मिळाली. तो गावाकडे गेला, आणि पुढे नामपूरच्या कांदा मार्केटात लिलावाच्या पावत्या डाव्या हातानं लिहायला शिकला. साहेबांची बदली झाली. सगळ्यांचं काही ना काही मार्गी लागलं.

पोस्टमास्तरांचं मात्र लागलं नाही. सभेतून बाहेर पडलेल्या खातेप्रमुखांनी आपापल्या टेबलांवर जाऊन एवढंच सांगितलं की निकुंभांनी मेल वाचल्याचं कबूल केलं. कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नव्हतं. आणि लोकांना आपापली पत्रं आठवली. ड्रॉइंग ऑफिसातल्या एकानं दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केला होता. कुमुदताईंचं भावाशी जमिनीवरून चाललं होतं. ज्यांची पत्रं त्या माणसानं इतकी वर्षं पुठ्ठा धरून झाकली, तेच आता म्हणू लागले, "पुठ्ठा म्हणजे नाटक होतं सगळं." मी टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं, असं नाही हो, माझ्यासाठी केलं त्यांनी. लोक ऐकून घ्यायचे, आणि मी वळलो की एकमेकांकडे बघायचे. माझ्यासाठी केलं याचा अर्थ त्यांनी असा लावला की माझ्यासाठी वाचत असतील तर आणखी कोणाकोणासाठी वाचत असतील.

तरी मेल परत आली की ते सांगायला जायचेच. एकदा मी अकाउंट्समध्ये असताना ते आले. "कुमुदताई, तुमचं पत्र परत आलंय. पत्ता चुकला." त्या पडद्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "हो का? मग काय लिहिलं होतं तेही सांगून टाका." खोलीत कोणी हसलं नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "पत्ता तेवढा तपासा," आणि गेले. कुमुदताई वाईट नव्हत्या. पण त्या क्षणी मला त्यांची, माझी, त्या खोलीतल्या सगळ्यांचीच शरम वाटली.

त्यांनी राजीनामा दिला. नव्या माणसाला मशीन समजावून दिलं, रांग कशी बघायची, बॅकअपच्या टेपवरची नक्कल महिन्यातून एकदा मशीनवर परत उतरवून का तपासायची, सगळं. शेवटच्या दिवशी मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. आभार कसे मानायचे याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तोंड उघडलं तर ते म्हणाले, "त्याविषयी नको, जाधव. तुम्ही वाचलात, चांगलं झालं. पण मी वाचलं ते वाचलंच." बस आली. गर्दी होती. ते दारातच लोंबकळत उभे राहिले. हात हलवायला त्यांना हात मोकळा नव्हता.

पुढे ते अधूनमधून भेटायचे. दोन हजार सालानंतर नाशिकमध्ये गल्लोगल्ली इंटरनेटची दुकानं निघाली, दवाखान्यांत, पतपेढ्यांत कॉम्प्युटर आले. पोस्टमास्तर सगळीकडे केबल टाकायची कामं घेत. शिडीवर चढून भिंतीला खिळे ठोकताना मी त्यांना कॉलेजरोडवर पाहिलं आहे, वय झालेलं असताना. आमच्या सोसायटीच्या बँकेत ते आले तेव्हा मॅनेजर म्हणाला, मेलचंही तुम्हीच बघा की, जास्तीचे पैसे देतो. ते म्हणाले, "मेल सोडून काहीही सांगा." मॅनेजरला वाटलं, म्हाताऱ्याला येत नसेल. मी शेजारी उभा होतो, आणि तरी मॅनेजरला काही सांगू शकलो नाही, कारण पोस्टमास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसती विनंती होती, की गप्प बसा.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. मी जेलरोडच्या त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी दार उघडलं. मी आधी त्यांच्याशी फारसा बोललो नव्हतो. सातपूर कॉलनीत राहत होते तेव्हा सणावाराला दिसायच्या, तेवढंच. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला, आणि मी त्यांच्या कंपनीतला म्हटल्यावर जरा आखडून बसल्या. मी पोस्टमास्तरांच्या कामाचं कौतुक करत होतो, टोपीची गोष्ट सांगत होतो. वहिनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना, वहिनी."

"तुमचं पण वाचलं होतं का हो त्यांनी?"

मला आधी कळलंच नाही. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला ठाऊक आहे सगळं. कॉलनीत हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा एकीनं तोंडावर सांगितलं, तुमचे मिस्टर लोकांची पत्रं वाचताना सापडले. मी घरी येऊन विचारलं यांना. म्हणाले, हो, वाचलं. कोणाचं, का, तर म्हणाले, ते सांगता येणार नाही. पुन्हा कधी विचारलं नाही मी. माणूस चांगला होता हो, तेवढं एक घडलं हातून. तुमचं वाचलं असेल तर त्यांच्या वतीनं मी माफी मागते." आणि त्यांनी खरोखर हात जोडले.

ज्या माणसानं मला वाचवलं त्याची बायको मला हात जोडत होती. मी त्यांचे हात खाली केले आणि सगळं सांगितलं. बाळूची बोटं, जाळी, तो अहवाल, विषयाच्या ओळीतलं पत्र, माझ्यासमोर उभं राहून म्हटलेलं ते एक वाक्य. ते पत्र साहेबांचं होतं, आणि ज्याचं पत्र त्याचंच, म्हणून पोस्टमास्तरांनी ते घरातही उघडं केलं नव्हतं. पण मला झालेला फायदा माझा होता. तो सांगायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. मी हे आधीच येऊन सांगायला हवं होतं. वहिनींच्या मनात असं काही असेल हे मला सुचलंही नव्हतं.

 आत चहा उतू गेल्याचा वास आला, तरी वहिनी उठल्या नाहीत.

"माझी आई होती तोवर मी तिला पत्र लिहायचे," शेवटी त्या म्हणाल्या. "पोस्टाची पेटी यांच्या वाटेवरच होती. लग्न झाल्यापासून पत्र तेच टाकायचे. हळदीकुंकवाच्या त्या दिवसानंतर मी त्यांच्या हातात पत्र दिलं नाही. स्वतः जाऊन टाकायला लागले."

"ते काही बोलले नाहीत?"

"काही नाही. पहिल्यांदा निघाले तेव्हा दुपार होती. मी चपला घालत होते. यांनी हातातलं पाकीट पाहिलं, आणि म्हणाले, उन्हाची जाऊ नकोस, संध्याकाळी जा."